बार्तीमयाचं वस्त्र आणि वेल्समधले आठ मुके दिवस

उत्तर वेल्समध्ये, क्लुइड खोऱ्याकडे तोंड केलेल्या टेकडीच्या उतारावर सेंट बायनोज नावाची दगडी इमारत आहे. येशूसंघीयांनी, म्हणजे कॅथलिक पंथातल्या जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने, १८४८ साली ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उभारली. कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८७४ ते १८७७ इथेच शिकत होते. आता तिथे तपसाधना, म्हणजेच रिट्रीट, चालते. रिट्रीट म्हटलं की आपल्याकडे मंडप, माइक, प्रवचनं आणि गाणी डोळ्यासमोर येतात. इथे यातलं काहीच नाही. आठ दिवस मौन, रोज मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी साधारण अर्धा तास बोलणं, आणि उरलेला वेळ तुम्ही आणि येशू.

लंडनहून चेस्टरमार्गे रेल्वेने ऱ्हिलला उतरायचं, पुढे टॅक्सी. पावसाचं जाकीट आणि चिखलात चालतील असे बूट हवेतच, कारण प्रार्थनेच्या एका तासानंतर दुसरा येईपर्यंत चालणं हा दिनक्रमाचाच भाग होऊन बसतो.

पद्धत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढे मनरेसा गावी त्यांनी जवळजवळ वर्षभर जी साधना केली, तिच्या टिपणांतून ही पद्धत आकाराला आली. १५४८ मध्ये ती छापली गेली. मूळ साधना तीस दिवसांची, आठ दिवस ही तिचीच छोटी आवृत्ती.

प्रार्थनेचा एक तास कसा जातो ते बघा. जिथे बसणार त्या जागेच्या एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं, ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ. त्या वेळात एवढंच मनात आणायचं की देव माझ्याकडे बघतो आहे. मग बसायचं, गुडघे टेकायचे किंवा चक्क उताणं पडायचं. जे जमेल ते. एकदा जमलं की आसन बदलायचं नाही.

समजा मार्गदर्शकाने बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय दिला आहे. यरीहोच्या रस्त्याकडेला आंधळा बार्तीमय भीक मागतोय. उतारा दोनदा सावकाश वाचून पुस्तक मिटायचं. धूळ, गर्दीचा रेटा, ‘गप्प बस’ म्हणून दटावणारे लोक हे सगळं उभं करायचं. तो आपलं वस्त्र टाकून उठतो, तिथे जरा रेंगाळा. भिकाऱ्याचं अंथरूण-पांघरूण बहुधा तेवढंच. येशू विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? इथे बार्तीमयाला बाजूला सरकवून उत्तर आपण द्यायचं. शेवटची पाच-दहा मिनिटं, इग्नेशियस सांगतात तसं, मित्र मित्राशी बोलतो तसं बोलायचं. तास संपल्यावर पाव तास चालत किंवा बसून आठवायचं: मन कुठे हललं, कुठे कोरडं राहिलं. वही उघडायची ती आत्ता. प्रार्थना चालू असताना लिहिणारा माणूस नकळत प्रवचनाची तयारी करू लागतो.

पुढच्या तासाला नवा उतारा मागू नका. जिथे मन हललं किंवा अडलं, तिथेच परत जायचं. शिकल्यासवरल्या माणसांना हे फार जड जातं. त्यांना रोज चार अध्याय ‘पूर्ण’ करायचे असतात. जवळीक मात्र त्या एका वस्त्राशी तिसऱ्यांदा थांबल्यावर वाढते.

भाषेबद्दल मात्र आमचं ठाम मत आहे. मार्गदर्शकाशी इंग्रजीत बोला, येशूशी मराठीत. आपण त्याला ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो तसं. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये साहेबही बसतो आणि मित्रही. मराठी बायबल बॅगेत असू द्या. इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या येशूसंघी फादरांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झालं. त्यांच्या देशात जाऊन आपण इंग्रजीत अडखळत प्रार्थना करायची, हे जरा गमतीचंच.

बिघडतं कुठे? पहिले दोन दिवस झोप येते. थकवा असतो, निमूट झोपून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच जणांचं मन प्रार्थनेत कोरडं पडतं. पन्नासाव्या मिनिटाला उठावंसं वाटतं, तेव्हा तासाहून थोडं जास्तच बसायचं, असा इग्नेशियसचा नियम. कोरडेपणात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा दुसरा. ‘नोकरी सोडून गावी परततो’ हे अशाच संध्याकाळी सुचतं. उलट, मन भरून आलं असताना घाईने नवस बोलण्यापासूनही ते सावध करतात. आणि मोबाइल: ‘फक्त घरी मेसेज’ म्हणून उघडलेला फोन अर्धा दिवस खातो. घरच्यांना एक तातडीचा नंबर देऊन ठेवा आणि फोन बंद करा.

रजा मिळत नसेल तर इग्नेशियसनीच कामाच्या माणसांसाठी वाट ठेवली आहे: घरी राहून रोज दीड तास, अनेक महिने, मार्गदर्शकासह. शिफ्टमध्ये राबणाऱ्याला तेही जमत नसेल, तर रात्रीची पंधरा मिनिटं. आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने मागे बघणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याबद्दल दोन वाक्यं. बहुतेक जण तिसऱ्या पायरीवरच अडकतात आणि स्वतःला झोडपत बसतात, म्हणून आभार आधी. हे अंथरुणात करू नका, आभार संपायच्या आत घोरायला लागाल. स्वयंपाकघरातली खुर्ची बरी.