आमची वाटचाल : हर्णैच्या कातळावरून

सासूबाई दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावातून पाटीभर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणायच्या आणि किनाऱ्यालगतच्या काळ्या कातळावर पसरायच्या. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. सह्याद्री याचाच, आणि समोरच्या सुवर्णदुर्गाच्या तटाचा खालचा भागही हाच दगड तासून काढलेला. मला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की कातळ तापला की जवळा दुपारपर्यंत खडखडीत होतो.

२०१४ साली धंदा म्हणून सुरुवात केली आणि पहिलाच वीस किलो माल पुण्याच्या दुकानदाराने परत पाठवला. ‘दाताखाली कचकच लागते.’ मी मूठभर जवळा परातीतल्या पाण्यात घोळवून वर काढला. तळाशी पुळणीची वाळू आणि जांभ्याची तांबडी धूळ. कातळ कितीही झाडला तरी वारा थोडाच थांबतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या हातचं खाऊन कुणी थुंकावं, हे फार लागलं.

मग घराच्या अंगणात कमरेएवढे बांबूचे मांडव घातले, वर जाळी ताणली. सासूबाई म्हणाल्या, “अगो, कातळाची धग इथे कुठून येणार?” खरंच, माल वाळायला दीड दिवस जास्त लागू लागला. शेवटी मांडवच उचलून कातळावर नेले. वरून ऊन, खालून धग, मधून वारा. रात्री दवासाठी ताडपत्री. तेव्हापासून कचकचीची तक्रार आलेली नाही.

जवळ्याने घर चाललं, पण नाव झालं सोड्यांनी. चार किलो सोललेली कोळंबी वाळून जेमतेम किलोभर सोडे होतात, म्हणून भाव ऐकून लोक दचकतात. शेजारच्या पाजपंढरी गावच्या अकरा जणी कोळंबी सोलतात. त्यांची मजुरी मी त्याच संध्याकाळी देते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात मांडव, पत्रे, सगळं गेलं. आदल्या दिवशी भिंतीच्या खोलीत हलवलेला माल तेवढा वाचला. त्याच पैशांतून नवे बांबू आणले.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. सासूबाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. पाकीट सील करण्याआधी प्रत्येक घाण्यातला चिमूटभर जवळा त्या दाताखाली धरतात आणि मान हलवली, की मी मशीन सुरू करते.