फुलं थंडीने गेली असं मला आता म्हणवत नाही

गेल्या वर्षी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चची सुरुवात असे सलग अकरा दिवस इतकं सुंदर ऊन पडलं की स्वेटर आत गेले, खिडक्या उघड्या राहायला लागल्या आणि मागच्या अंगणातला जर्दाळू बघता बघता फुलला. दोन आठवडे आधीच. पान एकही नाही आणि फांदीन् फांदी पांढरी गुलाबी, मधमाश्यांचा आवाज तर घरात ऐकू येत होता. जो येईल तो म्हणायचा वा काय बहर आलाय यंदा. मला आनंद होत होता आणि त्याच वेळी पोटात गोळा येत होता, कारण कॅलेंडरवर अजून थंडीचे चांगले पाच आठवडे शिल्लक होते.

मार्चच्या मध्यावर ती रात्र आली. दिवसभर कोरडा वारा होता, संध्याकाळी तो एकदम पडला, आभाळ निरभ्र, चांदण्या अगदी लख्ख. असं आकाश बघून आधी मला बरं वाटायचं, आता भीती वाटते. पहाटे पावणेपाचला उठून टॉर्च घेऊन बाहेर गेले, जर्दाळूच्या खालच्या फांदीला लटकवलेला थर्मामीटर उणे ३ दाखवत होता आणि गवतावर दहिवर पडून पांढरं झालेलं. सकाळी मात्र फुलं जशीच्या तशी, टवटवीत. घरातले म्हणाले बघ, उगाच काळजी करत होतीस. पण फ्रॉस्टचं, म्हणजे पारा शून्याखाली गेल्याचं, नुकसान पाकळ्यांवर लगेच दिसत नाही हे मला माहीत होतं म्हणून मी दुपारपर्यंत थांबले आणि मग वीस फुलं खालच्या फांद्यांवरून आणि वीस वरच्या शेंड्याजवळून तोडून, ब्लेडने उभी चिरून बघितली. फुलाच्या मधोमध जो हिरवा बारीक दाणा असतो ना, पुढे ज्याचं फळ होतं, तो हिरवा असेल तर फूल जिवंत, काळा किंवा तपकिरी असेल तर संपलं. खालची वीसपैकी सतरा काळी. वरची वीसपैकी नऊ. बाहेरून सगळी सारखीच सुंदर.

आणि त्याच अंगणात, जर्दाळूपासून दहा पावलांवर सफरचंदाचं झाड आहे, तेवढीच थंडी त्यानेही खाल्ली. त्याच्या कळ्यांना नुसतं हिरवं टोक फुटलं होतं. त्याला काहीही झालं नाही, नंतर नीट फुललं, फळंही धरली. रात्र तीच, पारा तोच, मग एक झाड वाचलं आणि एक का नाही, यावर मी वर्षभर वाचत विचार करत बसलेय आणि ही पोस्ट त्यासाठीच आहे.

थंड हवेतली फळझाडं, म्हणजे सफरचंद, पीच, चेरी, प्लम, नाशपाती, जर्दाळू, बदाम, ही पानगळ झाली की झोपी जातात हे आपल्याला माहीत असतं, पण ती उठतात कशी हे फारसं कोणी सांगत नाही. झाड दोन हिशोब ठेवतं. पहिला थंडीचा. साधारण ० ते ७ अंशांमधले किती तास मिळाले ते मोजलं जातं, त्याला चिलिंग अवर्स म्हणतात, सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १२०० तास लागतात, काही जातींना ३०० सुद्धा पुरतात. हा हिशोब पुरा होईपर्यंत बाहेर कितीही ऊन पडलं तरी झाड जागं होत नाही, हीच त्याची खरी सुरक्षा. एकदा तो पुरा झाला की दुसरं खातं उघडतं, उबेचं. आता प्रत्येक उबदार तास जमा होतो आणि पुरेशी ऊब साठली की कळी उमलते. झाडाला तारीख कळत नाही, फक्त जमा झालेली ऊब कळते. जर्दाळू आणि बदामाला ही ऊब फार थोडी लागते म्हणून ते सगळ्यात आधी फुलतात, मग पीच आणि चेरी, आणि सफरचंद बहुतेक सगळ्यांच्या मागून. म्हणजे माझ्या जर्दाळूचा थंडीचा कोटा जानेवारीतच भरलेला होता आणि त्या अकरा दिवसांनी उबेचं खातं एका दमात भरलं.

आता यातला सगळ्यात वाईट भाग. कळी जसजशी उघडत जाते तसतशी तिची थंडी सोसायची ताकद जाते, आणि पटापट जाते. ऐन हिवाळ्यात झोपलेलं सफरचंद उणे २५ सुद्धा सहन करतं. कळीला रुपेरी टोक दिसायला लागलं की उणे ९ च्या आसपास दहा टक्के कळ्या मरायला सुरुवात होते. हिरवं टोक आलं की तो आकडा उणे ८. आणि पूर्ण फुललेल्या फुलाला उणे २ च्या जरा खाली अर्धा तास काढावा लागला तर दहा टक्के गेली, उणे ४ ला नव्वद टक्के. दोन अंशांत सगळा खेळ. जर्दाळूचे आकडे थोडे वेगळे असतील पण चाल तीच. ऊब मिळाल्यावर ही ताकद काही दिवसांत निघून जाते, परत थंडी पडली तरी ती तेवढ्या लवकर परत येत नाही, आणि फूल उघडल्यावर तर येतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की त्या रात्रीचा उणे ३ हा काही विशेष नव्हता, मार्चमध्ये उणे ३ होतोच, दरवर्षी होतो. विशेष होते ते आधीचे अकरा दिवस. फुलं त्यांनी नेली.

हे फक्त माझ्या अंगणातलं नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये मार्च २०१२ मध्ये कित्येक दिवस पारा २५ अंशांच्या वर होता, उन्हाळाच जणू, झाडं महिनाभर आधी फुलली, आणि एप्रिलमध्ये एकामागून एक फ्रॉस्टच्या रात्री आल्या. तिथल्या एप्रिलला त्या अजिबात नवीन नाहीत. आंबट चेरीचं पीक जवळजवळ ९० टक्के गेलं, सफरचंदाचं पण तसंच. फ्रान्समध्ये २०२१ ला मार्चच्या शेवटी विक्रमी ऊब आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फ्रॉस्ट, द्राक्षवेली आणि जर्दाळूच्या बागा होरपळल्या, लोक रात्रभर ओळींमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून बसलेले, ते फोटो इतके देखणे होते की बघणाऱ्याला दिवाळी वाटावी आणि त्या शेतकऱ्यांचं वर्ष तिथे जळत होतं. २०२३ ला अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात पीचचं ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं, तिथे तर दोन्ही बाजूंनी मार बसला, हिवाळा इतका उबदार की काही जातींचा थंडीचा कोटाच भरला नाही, आणि ज्या फुलल्या त्यांना मार्चच्या थंडीने गाठलं. क्योतोत चेरीच्या बहराच्या नोंदी हजारबाराशे वर्षांच्या आहेत, त्यात २०२१ चा २६ मार्च हा तोवरचा सगळ्यात लवकरचा बहर होता. वसंत अलीकडे सरकतोय, पण शेवटची थंड रात्र सगळीकडे त्याच वेगाने अलीकडे येत नाहीये, आणि या दोघांमधल्या फटीत आपली झाडं अडकतात.

बरं मग करायचं काय. आधी रात्र ओळखायची. थंड वाऱ्याची लाट आली तर घरगुती उपायांनी फारसं काही होत नाही. पण जास्त करून नुकसान करते ती शांत, स्वच्छ रात्र, जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते, गार हवा जड म्हणून खाली साचते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा तरंगत राहते. माझ्या झाडाच्या खालच्या फांद्यांना सतरा आणि वर नऊ का ते इथे कळतं. मोठ्या बागांमध्ये ते उंच पंखे असतात ते हीच वरची ऊब खाली ढकलतात. फवारे मारून फुलांवर बर्फ चढवतात तेही आधी मला वेडेपणा वाटायचा, पण पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, ती फुलाला मिळते आणि फूल शून्याच्या आसपास टिकतं. फक्त मध्येच पाणी थांबलं किंवा वारा सुटला तर उलटंच होतं, कारण पाण्याची वाफ होताना त्याच्या सात-आठ पट उष्णता खेचून नेते. बर्फ आपोआप वितळून गळायला लागेपर्यंत फवारा बंद करायचा नाही. घरी हे करायला जाऊ नका, फांद्या वजनाने मोडतात आणि पाणी पुरत नाही.

छोट्या झाडाला कापड घालणं हे खरंच उपयोगी आहे, दोन अंश मिळाले तरी वरचे आकडे बघा म्हणजे त्या दोन अंशांची किंमत कळेल. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे, कारण ऊब जमिनीतून येते, बुंध्याला दोरीने आवळून बांधलं तर काही उपयोग नाही. आणि प्लास्टिक फुलांना टेकू द्यायचं नाही, मी पहिल्या वर्षी टेकू दिलं, जिथे जिथे टेकलं तिथली फुलं गेली. झाडाखालचं गवत बारीक कापून माती उघडी आणि ओलसर ठेवली की ती दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते. याउलट बुंध्याभोवती जाड पालापाचोळा घालून जमीन गार ठेवली की झाड उशिरा फुलतं असं बरेच जण सांगतात, ते मला पटत नाही, कळी उमलते ती तिच्या भोवतीच्या हवेच्या उबेने, मुळं गार असली म्हणून ती थांबत नाही.

पण खरं सांगू का, कापड म्हणजे धावपळ. खरी गोष्ट ठरते ती झाड लावायच्या दिवशी. उताराच्या तळाशी, किंवा खालच्या बाजूला भिंत नाहीतर दाट कुंपण असलेल्या जागी गार हवा पाण्यासारखी तुंबते, तिथे लवकर फुलणारं झाड लावूच नये. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ सगळे लावतात कारण ऊन मिळतं, आणि त्या उन्हानेच झाड आठवडाभर आधी उठतं. (हे उत्तर गोलार्धातलं, दक्षिणेत दिशा उलटी धरा.) माझा जर्दाळू नेमका अशाच भिंतीशी आहे, ज्यांनी लावला त्यांनी प्रेमानेच लावला. नवीन झाड घेणार असाल तर फळ किती गोड हे विचारायच्या आधी ते कधी फुलतं हे विचारा.

आणि फुलं गेली म्हणून झाडाला वाऱ्यावर सोडू नका. सफरचंदाच्या शंभर फुलांपैकी पाच-दहा धरली तरी पूर्ण पीक येतं, म्हणजे अर्धी मेली तरी हताश व्हायचं कारण नाही. कॉन्फरन्स नाशपातीसारख्या काही जाती बी मेलं तरी फळ धरतात, आकार वाकडातिकडा येतो पण खायला चांगलं. काही सफरचंदांच्या सालीवर खरखरीत तपकिरी कडं उमटतं, तो फ्रॉस्टचा व्रण, आत फळ ठीक असतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ज्या वर्षी सफरचंदाला फळं लागत नाहीत त्या उन्हाळ्यात ते पुढच्या वर्षासाठी कळ्यांचा नुसता पाऊस पाडतं, मग पुढच्या वर्षी फांद्या वाकतील इतकी फळं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत काही नाही. हे चक्र लागलं की सुटता सुटत नाही, म्हणून त्या भरघोस वर्षी लहान असतानाच फळं विरळ करावी लागतात, जिवावर येतं तरी.

गेल्या वर्षी जर्दाळूला शेवटी एकतीस फळं लागली, सगळी वरच्या फांद्यांवर, शिडी लावून काढली. यंदा जानेवारीपासून मी रोजचं कमाल तापमान वहीत लिहितेय, आज दुपारी १६ होतं आणि उद्या १८ सांगितलंय. कळ्या अजून घट्ट आहेत पण सगळ्यात खालच्या फांदीवर दोन ठिकाणी लालसर टोक दिसायला लागलंय. दोन जुन्या चादरी धुवून दाराशी ठेवल्यात आणि थर्मामीटर एकाऐवजी दोन, एक खाली, एक शेंड्याला.