अऱ्हेनियस आणि आपला ऊस

बारावीच्या केमिस्ट्रीत कायनेटिक्सचा, म्हणजे केमिकल बदल किती वेगाने होतो त्याचा, धडा आला की पोरांची तोंडं उतरतात, हे मी बरीच वर्षं बघतेय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना हा विषय परका वाटायचं काही कारणच नाही. अहो, हा विषय उभाच राहिलाय साखरेवर! १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने साखरेच्या पाण्यात ॲसिड घातलं आणि साखर किती वेगाने फुटते ते मोजलं, रिअ‍ॅक्शनचा वेग नीट मोजून गणितात बसवायची ती पहिली वेळ मानतात. पुढे १८८९ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसने तापमान आणि वेग यांचं जे सूत्र मांडलं, जे आपली पोरं परीक्षेसाठी घोकून ठेवतात, तो पेपरसुद्धा उसाची साखर ॲसिडने फुटण्यावरच होता. वर्गात हे सांगितलं तर अर्ध्या पोरांना लगेच घरचं काहीतरी आठवतं, कुणाच्या शेतात ऊस, कुणाचे काका कारखान्याच्या लॅबमध्ये.

साखर फुटते म्हणजे सुक्रोजच्या एका रेणूचे पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. गोडी जात नाही, पण दाणा पडत नाही, म्हणजे कारखान्याच्या हिशेबाने ती साखर गेलीच. विल्हेल्मीची युक्ती मला फार आवडते, त्याने मधेमधे नमुने काढून तपासत बसायची भानगडच ठेवली नाही, त्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश (ज्याच्या लाटा एकाच पातळीत हलतात असा) सोडला. साखरेचं पाणी हा प्रकाश उजवीकडे वळवतं आणि फुटलेली साखर डावीकडे, त्यामुळे कोन बघत बसलं की किती साखर उरली ते कळतं. त्याला दिसलं की जितकी साखर शिल्लक तितका त्या क्षणाचा वेग. आपल्या कारखान्यांच्या लॅबमध्ये आजही ‘पोल’, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, काढतात तो प्रकाशाच्या याच वळण्यावरून.

आता तोडलेला ऊस घ्या. फडातून निघालेली मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत ट्रॅक्टरच्या रांगेत उभी असते आणि त्या सगळ्या वेळात आतली साखर फुटत असते, उसातलं एन्झाइम आणि बाहेरून शिरलेले जिवाणू दोघंही कामाला लागलेले असतात. थंडीत हे जरा हळू चालतं. मार्चचं ऊन चढलं की शिळ्या उसाचा उतारा, म्हणजे त्यातून मिळणारी साखर, झपाट्याने पडतो, म्हणून तर तोड झाल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावं अशी घाई असते.

इथे पोरं नेहमी एक प्रश्न विचारतात आणि तो अगदी बरोबर आहे. एकीने तर मला तोंडावरच विचारलं, “मॅडम, दहा डिग्रीत काय होतंय एवढं?” पुस्तकात असतं की दहा डिग्री वाढली की वेग साधारण दुप्पट होतो, आणि कारण दिलेलं असतं की तापमान वाढलं की रेणू जोरात पळतात, जास्त धडका होतात, म्हणून वेग वाढतो. पण हिशेब करून बघा. २७ डिग्री म्हणजे ३०० केल्विन, ३७ म्हणजे ३१०. फक्त तीन टक्क्यांच्या आसपास वाढ, आणि रेणूंचा सरासरी वेग तर दोन टक्केसुद्धा वाढत नाही. मग रिअ‍ॅक्शन दुप्पट कशी होते? धडकांच्या संख्येने हे होणंच शक्य नाही.

खरी गोष्ट अशी की बहुतेक धडका वाया जातात. रेणू आदळतात आणि नुसते बाजूला होतात, कारण जुना बंध तुटायला लागणारी ऊर्जा त्या धडकेत नसते, ही जी किमान ऊर्जा लागते तीच ॲक्टिव्हेशन एनर्जी. समजा ती मोलमागे ५० किलोज्यूल आहे. ३०० केल्विनला एक अब्ज धडकांमधल्या साधारण दोन धडकांमध्येच तेवढा जोर असतो. फक्त दोन! ३१० ला त्या जवळजवळ चार होतात. एकूण धडका होत्या तेवढ्याच राहिल्या म्हटलं तरी चालेल, पण कामाच्या धडका दुप्पट झाल्या. हे ज्याला एकदा स्वतःच्या हाताने कॅल्क्युलेटरवर काढून दिसलं तो पुन्हा कधी विसरत नाही, म्हणून मी हे गणित फळ्यावर सोडवून दाखवत नाही, पोरांकडूनच करून घेते.

आणि ‘दहा डिग्रीला दुप्पट’ हा काही सगळीकडे चालणारा नियम नाही बरं का. ॲसिडने साखर फुटायची ॲक्टिव्हेशन एनर्जी साधारण १०८ किलोज्यूल आहे, तिथे तेवढ्याच दहा डिग्रीत वेग जवळजवळ चौपट होतो. म्हणजे किमान ऊर्जेचा हा अडसर जितका उंच तितकी ती रिअ‍ॅक्शन उष्णतेला जास्त हळवी. म्हणूनच रस तापवण्याआधी कारखान्यात त्याचा आंबटपणा काढावा लागतो, नाहीतर उकळता उकळताच साखर फुटून जाईल. या रिअ‍ॅक्शनमध्ये ॲसिड हा कॅटॅलिस्ट आहे, तो स्वतः खर्च होत नाही पण त्याच्यामुळे वेग वाढतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) एकने उतरला की वेग दहापट. त्यासाठी रसात चुन्याचं पाणी घालतात. पण चुना जास्त झाला तरी पंचाईत, मग ग्लुकोज-फ्रुक्टोजच बिघडून रस काळवंडतो. एक रिअ‍ॅक्शन थोपवायची आणि दुसरी सुरू होऊ द्यायची नाही, या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सगळा सीझन काढायचा असतो, आणि जी माणसं हे रोज सांभाळतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.



आता डाइंगचं, म्हणजे सूत रंगवण्याचं, तिथेही हाच वेगाचा खेळ आहे. माझ्याकडच्या एका मुलाचे वडील टॉवेलच्या सुताच्या डाइंगमध्ये आहेत, तो म्हणाला, “पप्पा आधी मीठ टाकतात, मग बऱ्याच वेळाने सोडा. उलटं केलं की ओरडतात.” मला इतका आनंद झाला ना, कारण यात अख्खा धडा आहे! रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताला नुसता चिकटत नाही, सुतातल्या सेल्युलोजशी त्याचा केमिकल बंध तयार होतो. पण हाच रंग पाण्याशीसुद्धा रिअ‍ॅक्ट होतो आणि एकदा पाण्याशी जुळला की तो सुताच्या कामाचा राहत नाही. दोन्ही रिअ‍ॅक्शन सोडा ॲशने म्हणजे अल्कलीनेच जोर धरतात, मग सूत जिंकणार कसं? तर कॉन्सन्ट्रेशनने. मीठ रंगाला पाण्यातून काढून धाग्याच्या आत ढकलतं, सगळी गर्दी सेल्युलोजजवळ झाली की मग सोडा टाकायचा. आधीच सोडा पडला तर रंग टाकीतल्या पाण्यातच संपायला लागतो आणि लड्यांवर डागही पडतात. तापमानाचंही तसंच, कोल्ड ब्रँड म्हणतात ते रंग ३०-४० डिग्रीला बसतात, त्यांना उगाच जास्त तापवलं तर पाण्याबरोबरची रिअ‍ॅक्शनच बळावते आणि रंग वाया जातो. हॉट ब्रँडचे रंग मुळात मंद, त्यांना ८० च्या आसपास न्यावंच लागतं.

किती काळजी घेतली तरी थोडा रंग पाण्याशी जुळतोच आणि धाग्यात नुसता अडकून बसतो, तो काढायला शेवटी उकळत्या पाण्यात सोपिंग करतात, म्हणजे साबणाने धुतात. तिथे घाई झाली की नवा टॉवेल घरी आल्यावर पाणी रंगीत करतो. बऱ्याच घरांत अशा वेळी मिठाच्या पाण्यात भिजवतात, पण डाइंगमध्ये मीठ काय करतं ते आत्ताच बघितलं, ते सुट्या रंगाला धाग्यातच धरून ठेवतं, बंध काही तयार करत नाही. त्यापेक्षा तो टॉवेल बाकीच्या कपड्यांपासून वेगळा ठेवून गरम पाण्यात साबणाने दोन-तीनदा धुवा, सुटा रंग निघून जाईल आणि बंध झालेला जागेवर राहील.