पाच आकडी फरक

पडद्यावर निळा चौकोन आला, ‘रेडी’खाली कर्सर लुकलुकायला लागला आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उठलंच. “झाला की चालू! तसं लिहून द्या, विकायचाय.” मी वरच्या ओळीतला आकडा बघत होतो. २८६७१ बाइट मोकळे. हा कमोडोर ६४, १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर; त्यावर तिथे ३८९११ यायला हवं.

मशीनबरोबर कॅसेट नाही, कार्ट्रिज नाही, डिस्क नाही. म्हणजे तपासायचं ते त्याच्या पोटातल्या बेसिकवरच, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. आणायच्या आधी गिऱ्हाइकाने घरी लावून बघितलं होतं, कारण “दिवा लागतो का ते तरी कळेल”. दिवा लागला म्हणजे ५ व्होल्टच्या बाजूला वीज पोचली, बाकी काही नाही. आणि या जुन्या अ‍ॅडॅप्टरमधला रेग्युलेटर वयाने गेला की ५ च्या जागी ७ व्होल्टही सोडतो. मग मेमरी चिपचा बळी. सव्वापाचच्या वर मीटर गेला की मी तो अ‍ॅडॅप्टर जोडतच नाही. लोक आधी लावतात, मग दुरुस्तीला आणतात. सांगून सांगून थकलो. हे मशीन मी टेबलावरच्या सप्लायवर घेतलं होतं, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी, कारण त्याला दोन्ही लागतात.

तर तो आकडा. सुरू होताना मशीन १०२४ या पत्त्यापासून वर चढत जातं, प्रत्येक जागी आधी ८५ आणि मग १७० लिहून लगेच वाचतं. जिथे चुकीचं वाचलं जाईल तिथे मेमरी संपली असं समजून थांबतं. धडधाकट मशीन ४०९६० ला थांबतं, कारण तिथून बेसिकची रॉम (फक्त वाचता येणारी कायमची मेमरी) सुरू होते. बेसिकला जागा २०४९ पासून, म्हणून ३८९११. आता २८६७१ मध्ये २०४९ मिळवा: ३०७२०. म्हणजे हे मशीन तिथेच थांबलं. एररचं अक्षर नाही, गुपचूप स्वतःची मेमरी कापून मोकळं.

३०७२० वर पोक (पत्त्यावर आकडा लिहायचा हुकूम) करून शून्य टाकलं, पीकने (वाचायच्या हुकमाने) वाचलं तर ८. पुढच्या जागी ८. दोन ओळींचं लूप लावलं: ३०९७५ पर्यंत सगळीकडे ८, त्यापुढे स्वच्छ. सलग २५६ जागा, एकच बिट. या बोर्डावर ४१६४ जातीच्या ८ चिप आहेत आणि प्रत्येक चिप प्रत्येक बाइटचा एकेक बिट सांभाळते. त्यामुळे ८ म्हणजे बिट तीनची चिप (१, २, ४, ८: मोजणी शून्यापासून), आणि तिच्यातला एक अख्खा स्तंभ गेलेला.  चिपचे १६ पाय सोडवून नवी बसवली. ३८९११.

“आता तरी?” आता तरी नाहीच. आठ चिपा मिळून ६४ केबी. रॉमखालच्या मेमरीकडे तो आकडा फिरकतही नाही. मग माझी आवडती युक्ती. बेसिक आणि कर्नल (मशीनचं मूळ कामकाज चालवणारा प्रोग्रॅम) या दोन्ही रॉमच्या पत्त्यांवर जे वाचायचं तेच परत लिहायचं: वाचताना रॉम समोर येते, लिहिलेलं मात्र खालच्या रॅममध्ये, म्हणजे लिहिता येणाऱ्या मेमरीत, पडतं. मग पोक १,५३, म्हणजे पत्ता १ वर ५३. दोन्ही रॉम बाजूला, आणि बेसिक आता रॅममधल्या स्वतःच्या नकलेवर चालतंय. एखादा बाइट बिघडलेला असता तर बहुधा तिथेच कोलमडलं असतं. चाललं. मग त्या नकलेतलं ‘रेडी’चं एक अक्षर बदलून दाखवलं. गिऱ्हाइकाला फार काही वाटलं नाही.

४९१५२ पासूनची उघडी ४ केबी साध्या पोक-पीकने तपासली. राहिली व्हिडिओ-साउंडच्या रजिस्टरांखालची (त्या चिपांना हुकूम द्यायच्या जागांखालची) ४ केबी. तिथे टायमरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच अडवणारा इशारा, आधी थांबवावा लागतो, नाहीतर ती रजिस्टरं बाजूला सारणारं पोक १,५२ केल्याबरोबर मशीन गुंतून पडतं. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत कीबोर्ड मेलेला, पडदा गोठलेला. अडकलं की काम चाललंय हे बाहेरून सांगता येत नाही. प्रोग्रॅम संपला तेव्हा चुका शून्य. मग पुन्हा एकदा लिहून मिनिटभर तसंच ठेवून वाचलं, कारण रॅम विसरायला लागली असेल तर ते ‘लगेच वाचण्यात’ सापडत नाही. कीबोर्डची एकेक कळ, दोन्ही जॉयस्टिक पोर्ट, आवाजाचे तिन्ही चॅनल हे झपाट्यात उरकलं.

चिठ्ठीवर लिहिलं: ६४ केबी तपासली, एक मेमरी चिप बदलली, बाकीच्या ७ मूळच्याच. कुठल्या अ‍ॅडॅप्टरवर त्यांनी किती व्होल्ट खाल्ले, मला माहीत नाही. आठही बदलाव्यात असं मी सुचवलं होतं, खर्चामुळे गिऱ्हाइकाने नाही म्हटलं. त्यात त्यांची चूक काढता येत नाही.

“ती सातची ओळ काढा,” ते म्हणाले. “घेणारा घाबरेल.”

खरंच घाबरला असता का? चालणाऱ्या चिपा होत्या, मीच तपासलेल्या. तरी ओळ काढली नाही. त्यांनी दुरुस्तीचे पैसे दिले, मशीन उचललं, आणि चिठ्ठी टेबलावरच राहिली.