तुम्ही विचारलंत म्हणून: अलोन्सो गेला ते मला पटलं का

डिसेंबर २०२५ पासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करून मोकळी होईन. ऑफिसमधले विचारतात, मंडळातले यांकीजवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या बेसबॉल टीमचे फॅन, विचारतात (ह्यात माझा नवरा आला), आणि पुण्याहून दीर विचारतो, ज्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण आयपीएलच्या ऑक्शनमुळे कोण किती कोटींना गेला एवढं मात्र जगभरातलं माहीत असतं. प्रश्न असा: मेट्सनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या माझ्या टीमनी, पहिल्या बेसवरच्या पीट अलोन्सोला बॉल्टिमोरकडे जाऊ दिलं, ते तुला पटलं का? हो की नाही?

आणि मी तोंड उघडायच्या आत यांकीजवाले एक स्क्रीनशॉट पाठवतात. माझाच जानेवारी २०२५ चा मेसेज. "तिशी ओलांडलेला पहिल्या बेसवरचा माणूस, त्याला सहा वर्षं देणं म्हणजे शेवटची तीन वर्षं घरबसल्या पेन्शन." झालं, हिचं उत्तर तेव्हाच आलंय म्हणतात, मग आता तोंड पाडून का बसलीय.

आधी हे की मेसेजमध्ये सहा लिहिलंय. बॉल्टिमोरनी पाच वर्षांचा करार दिला, १५५ मिलियन डॉलरचा. पाच आणि सहा एक नाही. दुसरं म्हणजे तो मेसेज मी आजही तसाच लिहीन. डिसेंबरमध्ये तो ३१ चा झाला, पहिल्या बेसवरून त्याचा थ्रो कुठे जाईल ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं, आणि अशा अंगापिंडाने दणकट बॅटरची पस्तिशीत काय गत होते ते काय आपण बघितलेलं नाही? वर लक्झरी टॅक्स, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारांनी लीगची मर्यादा ओलांडली की टीमला भरावा लागतो तो. मेट्ससारखी टीम, जी दरवर्षी सगळ्यात वरची मर्यादा ओलांडून बसते, तिला वरच्या प्रत्येक डॉलरवर आणखी एक डॉलर दहा सेंट टॅक्स भरावा लागतो. म्हणजे ३१ मिलियनचा माणूस मालकाला ६५ ला पडतो. दीर म्हणतो, मालक अब्जाधीश, तुझ्या खिशातून जातात का? नाही जात. पण मग ह्याच मालकानी सोतोला, आमच्या स्टार बॅटरला, १५ वर्षांचे ७६५ मिलियन दिले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, त्याचं काय? तर सोतो तेव्हा २६ चा होता. मला वय बघायची सवय आहे. लग्नाच्या स्थळांमध्ये बघायचे तसं नाही, पण बघते.

इथवर मी स्टर्न्सच्या बाजूची वाटते ना? डेव्हिड स्टर्न्स, आमचा बेसबॉल ऑपरेशन्सचा प्रेसिडेंट, मॅनहॅटनमध्ये वाढलेला, लहानपणापासून मेट्सचा फॅन. त्याचं म्हणणं ह्या वेळी रन रोखायचे, डिफेन्स सुधारायचा. आउटफील्डर निम्मो देऊन दुसऱ्या बेसवरचा सेमियन आणला, समजू शकते. पण पहिल्या बेसवर पोलांकोला उभा करायचा, जो तिथे जवळजवळ कधी खेळलेलाच नाही, आणि ह्याला डिफेन्स सुधारणं म्हणायचं? इथे माझं डोकं फिरतं. तुम्ही हिशोबाने माणूस काढलात ना, मग हिशोबानेच माणूस आणा.

आता २८ सप्टेंबर २०२५, कारण खरं उत्तर तिकडेच कुठेतरी आहे आणि ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

सीझनचा शेवटचा रविवार. जूनच्या मध्यात आमचे ४५ विजय आणि २४ पराभव होते, सगळ्या लीगमध्ये पहिले, आणि तिथून घसरत घसरत शेवटच्या दिवशी प्लेऑफसाठी मायामीत जिंकणं आणि सिनसिनाटीनी हरणं असं दोन्ही व्हायला हवं होतं. त्याच दिवशी आमचा भोंडला, शाळेच्या कॅफेटेरियात, तीन वाजता. मॅच तीन वाजून दहा मिनिटांनी. खिरापतीची जबाबदारी माझ्याकडे म्हणून न जाणं शक्यच नव्हतं, आणि गेल्यावर पोरींना शिकवायला म्हणून फेरातही धरलं. एका कानात इअरबड, वरून गजरा ओढून घेतलेला. रेडिओ कॉमेंट्री. त्यामुळे त्या मॅचमधला एकही बॉल मी पाहिला नाही, सगळं ऐकलं, आणि ऐकणं जास्त वाईट असतं कारण आवाज आधी चढतो आणि काय झालं ते नंतर कळतं.

आमचा पिचर मनाया दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर. मग बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांमधून, एकामागून एक, आणि चौथ्या इनिंगमध्ये मायामीचे चार रन. मी हत्तीभोवती गोल फिरतेय, हात हातात आहेत, तोंडानी गाणं चालू आहे, आणि कानात आमचा बुलपेन कोसळतोय. ह्याच बुलपेनसाठी जुलैत आम्ही प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरं, वाटले होते. हेल्सली आणला, सेंट लुईसचा इतका भारी क्लोजर (शेवटची इनिंग सांभाळणारा पिचर), आणि आमच्याकडे त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, ७.२०! हे सगळं तेव्हा फेरात आठवत होतं, खरंच, माणसाचं डोकं काय काय करतं.

पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले. बॅटिंगला अलोन्सो. मी फेरातच थांबले, मागची येऊन धडकली, मी खिरापत बघते असं काहीतरी पुटपुटत स्टीलच्या डब्यांच्या टेबलाशी गेले. तिथे चारपाच पोरी वाटच बघत होत्या, मावशी गोड की तिखट, मावशी पहिलं अक्षर सांगा. आणि कानात बॅटचा आवाज आला. ज्यांनी रेडिओवर बेसबॉल ऐकलंय त्यांना माहितीये, तो आवाज ऐकला की कळतं. ताशी ११५ मैलांच्या वर वेग होता त्या बॉलला, नंतर वाचलं. कॉमेंटेटरचा आवाज चढला, चढला, आणि एकदम सपाट झाला. लेफ्ट फील्डरच्या हातात. इनिंग खलास. माझ्या तोंडून मोठ्यांदा "कॅच" निघालं आणि एक पोरगी ओरडली, "कचोरी! कचोरी!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कचोरी नव्हती. वाटली डाळ होती.

मेट्स ४-० हरले. सिनसिनाटी पण हरली त्या दिवशी, म्हणजे नुसतं जिंकलो असतो तरी प्लेऑफमध्ये होतो. दोघांचे ८३ विजय, आपसातल्या मॅचेस त्यांनी जास्त जिंकलेल्या, ते आत आणि आम्ही घरी. आणि अलोन्सोनी ऑप्ट-आउट करणार, म्हणजे करार मध्येच सोडून मोकळा होणार, असं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. लेक अलोन्सोचा वीस नंबरचा जर्सी घालून मागच्या सीटवर, नवरा गाडी चालवतोय, आणि नवऱ्याचं पहिलं वाक्य काय, "मग आता त्याला किती वर्षं देणार तुम्ही?" तुम्ही! जसं काही मी चेक लिहिणार होते. मी म्हणाले, मागेल तेवढी दे.

हे मी बोलले, आणि ते कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. जानेवारीतली मी आणि गाडीतली मी, ह्यातली खरी कुठली? जानेवारीतली म्हणेल, बाई, चार तास फेर धरून दमलीस, उद्या बोलू. गाडीतली म्हणेल, तुझ्या वयाच्या तक्त्यात तो एक बॉल दाखव ना. बरं तो बॉल तर आउटच होता, म्हणजे तो दाखवूनही काही सिद्ध होत नाही. २०२५ मध्ये ३८ होमरन, १२६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर निघालेले रन), दोन वर्षं एकही मॅच चुकवली नाही, मेट्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त होमरन, आणि हे सगळं खरं असूनही तो ३६ चा होईल तेव्हा ३६ चाच असेल.

प्रॉस्पेक्टवाल्यांनी फार खूश होऊ नये. तुमचं म्हणणं, पैसे वाचवा, मक्लीन बघा, टाँग बघा, आमचे तरुण पिचर. मक्लीन मलाही आवडतो, आठ स्टार्टमध्ये ईआरए २.०६, कुणाला नाही आवडणार. पण मी केलेनिकच्या वेळीही इथेच होते. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर उचललेलं पोरगं, डिसेंबरमध्ये सिअॅटलला देऊन टाकलं, बदल्यात म्हातारा कानो आणि क्लोजर डियाझ, तेव्हा मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. केलेनिकचं पुढे काही खास झालं नाही, सगळ्यांना माहितीये. मोहर बघून आंब्याच्या पेट्यांचे पैसे घेणारे तुम्ही. आणि डियाझ? पहिल्या वर्षी त्यानी रडवलं, २०२२ मध्ये ६२ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट, त्याच्या एन्ट्रीची ट्रंपेट वाजली की अख्खं स्टेडियम उभं. तोही गेला, अलोन्सोच्या आदल्याच दिवशी, डॉजर्सकडे, तीन वर्षं ६९ मिलियन. त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. विचारा की! ते मला अजिबात पटलेलं नाही, त्यात दोन बाजू वगैरे काही नाहीत.

आणि त्याच्या जागी कोण आणला, तर डेव्हिन विल्यम्स. हो, तोच. ऑक्टोबर २०२४, मिलवॉकी, नववी इनिंग, आमचा सीझन दोन आउट लांब, आणि ज्याच्या बॉलवर अलोन्सोनी उजवीकडे तीन रनचा होमर मारून आम्हाला वाचवलं, तो विल्यम्स. ज्याला मारलं तो आमच्याकडे, ज्यानं मारलं तो बॉल्टिमोरला. लेकानी मला हे जेवताना सांगितलं, मला वाटलं चेष्टा करतोय.

तर पटलं का? दीर म्हणतो, एवढं लिहिलंस आणि उत्तर दिलंच नाहीस. दिलं की. सहा असती तर नाही म्हणाले असते. पाचला... पाचला मी पहिल्या चार वर्षांचे पैसे जास्त आणि पाचवं क्लबच्या मर्जीवर असं काहीतरी करून बघितलं असतं, तो नाही म्हणाला असता हे मला माहितीये, तरी विचारलं असतं. मंडळातले म्हणतात, फ्लशिंगच्या गणपतीला जाऊन कँटीनमध्ये डोसा खाऊन मग सिटी फील्डला जाणारी बाई तू, तुझ्याकडून तटस्थ मत कसलं येणार. नकाच ना विचारू मग.

आता पोर्ट सेंट लूसीत २०२६ चं स्प्रिंग ट्रेनिंग चालू झालंय आणि नवा प्रश्न तयार आहे. जेट विल्यम्स आणि स्प्रोट हे प्रॉस्पेक्ट देऊन पिचर फ्रेडी पेराल्टा आणलाय आणि त्याचा करार २०२६ मध्येच संपतो, त्याला किती वर्षं द्यायची? जून २०२६ मध्ये तो ३० चा. चार. फार तर पाच, पण मग ऑप्ट-आउट नाही. घ्या स्क्रीनशॉट.