स्कॅनरसाठी पैसे सगळेच मागतात

इतिहासात पदवी घेऊन मी ग्रँटचं काम करते म्हटलं की लोक गोंधळतात. काम तसं सरळ आहे, जुनी कागदपत्रं लोकांना बघता-वापरता यावीत म्हणून ज्या संस्था पैसे मागतात त्यांचे अर्ज वाचायचे, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे आणि मंजूर झाले की काम संपेपर्यंत रिपोर्ट आणि हिशोब बघत राहायचं. आणि यात इतिहासाचं शिक्षण रोज लागतं, कारण जुनं पत्र हातात आलं की आपण कोणी लिहिलं, कुणाला लिहिलं, काय लिहायचं टाळलं हेच बघतो ना, अर्ज पण तसाच वाचावा लागतो.

आणि अर्जात टाळलेली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे वर्णन. स्कॅनर, हार्ड डिस्क, वेबसाइट, सगळं बजेटमध्ये व्यवस्थित असतं, पण या पेटीत काय आहे, कुठल्या वर्षांचं आहे, कोणाकडून आलं, हे लिहिणार कोण त्याची ओळच नसते. मग काय होतं, हजारो इमेज तयार होतात, फाइलला नुसता नंबर, आणि शोधायला आलेल्या माणसाला आधी पेट्या बंद होत्या आता फोल्डर बंद. हाताने लिहिलेलं असेल तर ओसीआरवर, म्हणजे इमेजमधली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पण फार विसंबता येत नाही.

अमेरिकेत नॅशनल अर्काइव्हजचा, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराचा, ग्रँट देणारा आयोग १९३४ पासून आहे, आधी त्याचं काम फक्त ऐतिहासिक कागदपत्रांच्या प्रकाशनाचं होतं, १९७४ मध्ये त्यात रेकॉर्ड्स, म्हणजे मूळ दस्तऐवजांचे संग्रह, पण आले. त्यांच्या मदतीने २०१३ मध्ये फाउंडर्स ऑनलाइन सुरू झालं, वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन वगैरे अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांची पत्रं तिथे कोणालाही फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधता येतात, तळटीपांसकट. हे एका झटक्यात झालेलं नाही, जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड १९५० मध्ये आला होता आणि तेव्हापासून संपादक एकेक पत्र वाचून, उतरवून, त्यातली माणसं कोण ते शोधून नोंदवत आलेत. लोकांना दिसते ती वेबसाइट, पैसा आणि वेळ खरा गेला तो या बसून केलेल्या कामात.

आता प्रत्येक कागदाला एवढा वेळ देता येत नाही हेही तितकंच खरं. ग्रीन आणि माइसनर या दोन अमेरिकन अर्काइव्हिस्टनी (जुन्या कागदपत्रांचे संग्रह सांभाळणाऱ्यांनी) २००५ मध्ये यावर लेख लिहिला (त्यासाठी त्यांनी जुन्या ग्रँटच्या फाइली पण चाळल्या, हे मला फार आवडतं). त्यांचं म्हणणं असं की विसाव्या शतकातल्या मोठ्या संग्रहांत प्रत्येक स्टेपल काढत आणि प्रत्येक पान लावत बसू नका, घनफुटाला सरासरी ४ तासात होईल एवढंच वर्णन करा आणि संग्रह वाचकांसाठी उघडा. मला हे पटतं. थोडक्यात केलेली पण सगळ्या पेट्यांची यादी, ही दहा पेट्यांच्या सुंदर यादीपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडते. फक्त खाजगी माहिती असलेल्या फाइली, म्हणजे आजारपणाच्या, कोर्टाच्या वगैरे, त्या तरी नीट बघूनच उघडायला हव्यात, तिथे घाई नको.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो माणसांच्या बाबतीत. ग्रँटवर कोणीतरी कॉन्ट्रॅक्टवर येतं, दोन वर्षं तो संग्रह वाचतं, कुठलं अक्षर कोणाचं हे त्याला नजरेने कळायला लागतं, आणि मग पैसे संपतात आणि ते माणूस जातं, त्याच्याबरोबर ही ओळख पण जाते. म्हणून मी अर्जदारांना आधीच विचारते की शेवटच्या सहा महिन्यांत नोंदी कोण लिहून ठेवणार, ग्रँट संपल्यावर सर्व्हरचा खर्च कोण करणार, आणि त्या माणसाला ठेवून घ्यायचा काही विचार आहे का. काहींना हे प्रश्न आवडत नाहीत, चालेल.

तुम्ही छोट्या संस्थेत असाल आणि अर्ज लिहीत असाल तर कच्चा मसुदा तारखेच्या बराच आधी ग्रँट ऑफिसरला पाठवा, बऱ्याच ठिकाणी आम्ही खरंच वाचतो. आणि बजेटमध्ये स्कॅनरच्या वर वर्णन करणाऱ्याच्या पगाराची ओळ टाका.