एका 'रुजू'साठी

गेली दोन-अडीच वर्षं माझ्याकडे मोडी वाचून घ्यायला येणारी बहुतेक माणसं कुणबी नोंद शोधत येतात. कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या, चार ओळी वाचायच्या, लिप्यंतर करून सही करायची, की झालं. मागच्या आठवड्यात वडगावकडचे एक निवृत्त गुरुजी आले, ते मात्र लॅमिनेशन केलेला कागद घेऊन. लॅमिनेशन दिसलं की माझ्या पोटात गोळाच येतो. दोनशे वर्षं टिकलेला कागद पाच मिनिटांत असा कायमचा कोंडायचा, हे लोकांना सुचतं तरी कसं!

"ताई, कागद धनाजी जाधवांच्या वेळचा आहे. आमचे पूर्वज खेडला ताराराणींच्या बाजूने उभे राहिले. धनाजी फितूर झाला म्हणून आमचं वतन गेलं. तेवढं लिहून द्या."

प्लास्टिकवर उजेड चमकतो, म्हणून कागद खिडकीशी तिरपा धरून वाचत होते. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. अंदाजाने ठोकून देणारे वाचक इथेच फसतात. माथ्यावर साल होतं, 'समान मया व अलफ'. समान आठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे सुहूर, या जुन्या दप्तरी कालगणनेतलं ११०८. त्यात ५९९ मिळवले की १७०७. शाहू आणि ताराराणी यांच्यातली खेडची लढाई त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली. क्षणभर माझेही हात थरथरले.

पण अक्षराचं वळण त्या काळचं वाटेना. भिंग घेतलं. 'समान'मधला न जिथे संपायला हवा तिथे कागदाची घडी होती, आणि घडीत कसरीने खाल्लेल्या जागेच्या पलीकडे आणखी एका न चा वेढा शिल्लक होता. शब्द 'समानीन' होता. समानीन म्हणजे ऐंशी. सुहूर ११८०, म्हणजे १७७९-८०. धनाजीरावांना जाऊन तेव्हा सत्तर वर्षं उलटून गेली होती. ज्यांचं वतन गेलं त्यांच्या नातवा-पणतवाने कोल्हापूर दरबारात वतन परत मागण्यासाठी दिलेली ही कैफियत.

गुरुजींचा चेहरा पडला, तरी त्यांनी ते मानलं. खरी अडचण पाचव्या ओळीत होती. तिथे जाधवराव शाहूराजांस 'रुजू जाले' असं होतं.

"रुजूच्या पुढे कंसात फितूर लिहा."

मी नाही म्हटलं. त्यांचा राग मला कळत होता. संताजी घोरपडे १६९७ मध्ये मारले गेले, त्याआधी संताजी आणि धनाजी आपापली फौज घेऊन एकमेकांवर चालून गेले होते. सेनापतिपद धनाजींकडे आलं ते त्या भाऊबंदकीतून. पुढे १७०६ मध्ये गुजरातेत रतनपूरला त्यांनी मोगलांचा धुव्वा उडवला, तेव्हा ते ताराराणींचे सेनापती होते. औरंगजेब मेल्यावर शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराराणींनी त्यांना तोतया ठरवून याच धनाजींना त्यांच्यावर पाठवलं. सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली होती, असं सांगतात. पण हा संभाजीराजांचाच मुलगा, अशी खात्री पटल्यावर धनाजी खेडला लढले नाहीत, शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षी धनाजी वारले. समाधी पेठवडगावला, म्हणजे गुरुजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती झाला आणि १७११ मध्ये तोच ताराराणींकडे निघून गेला. आपल्या यादवीत कोण कुठल्या बाजूचा हे एका पिढीतसुद्धा ठरेना.

मला राहून राहून वाटतं ते त्या कैफियत लिहिणाऱ्याबद्दल. वतन गेलेलं, समोर दरबार कोल्हापूरचा, म्हणजे शाहूंच्या विरुद्ध गादीचा. 'फितूर' लिहिलं असतं तर त्याचंच काम सोपं झालं असतं. त्याने रुजू लिहिलं. दप्तरी सवय म्हणावं, तर बाकी कैफियतीत तो चांगला तिखट बोलतो. त्याच्या घरी आजोबांकडून काही वेगळं ऐकलेलं होतं का?

गुरुजींनी पैसे टेबलावर ठेवले, लिप्यंतर घेतलं नाही. "दुसऱ्याकडून वाचून घेतो," म्हणाले. दारापर्यंत गेले, परत आले आणि उभ्यानेच विचारलं, "ती ओळ कुठली म्हणालात?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांना मोडी येत नाही. तरी पाचव्या ओळीवर ते बराच वेळ वाकून होते.